घरच्यांनाही नाही

पत्र आलं ते यांच्या नावाने. यांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

पाकिटावर आरोग्य केंद्राचा शिक्का होता. आत लिहिलं होतं, 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. बऱ्याच दिवसांत आपली भेट नाही. बैठका पुन्हा सुरू होत आहेत, तरी येत्या गुरुवारी साडेपाच वाजता जरूर यावे. प्रवासखर्च आणि अर्ध्या दिवसाची मजुरी मिळेल.' मी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. जिवंतपणी कोणी वेळेवर मजुरी दिली नाही, आणि आता मेलेल्या माणसाला द्यायला निघालेत.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. कपडे अल्टर करायचं माझं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक आरसा आणि कोपऱ्यात माप द्यायला एक पडदा. गिऱ्हाईक म्हणतं, जरा सैल करा, आणि मी म्हणते, जरा कमी खा. तरी लोक येतात, कारण माझी शिवण उसवत नाही. आमचे हे माझ्या अगदी उलट. सुतार होते. लाकडावर हात फिरवावा तसे माणसांशी बोलायचे, हळू, कुठे गाठ आहे ते बघत. चाळीस वर्षं भुसा नाकातोंडात गेला आणि फुप्फुसं कामातून गेली. शेवटच्या वर्षात तर एक वाक्य पुरं करायला त्यांना तीनदा थांबावं लागायचं.

आणि माझं खरं दुखणं तिथेच होतं. मला त्यांचा तो शेवटचा आवाजच आठवायचा, तुटका, घरघरणारा. त्याआधी ज्या आवाजाने पस्तीस वर्षं मला हाका मारल्या तो डोक्यातून साफ पुसला गेला होता. मी मशीनवर बसून आठवायला बघायचे. ते काय म्हणाले ते आठवायचं, कुठे उभे राहून म्हणाले तेही आठवायचं, आवाज मात्र येत नव्हता. फोनमध्ये काही नव्हतं. यांना फोनचा तिटकारा. समोर धरला की तोंड मिटून घ्यायचे. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत तीन ठिकाणी दिसतात, तिन्ही ठिकाणी खुर्च्या उचलताना, आणि वर गाणी घातलेली. एकदा मी मुलीला फोन करून विचारलं, तुझ्याकडे बाबांचा आवाज आहे का गं कुठे? ती म्हणाली, "आई, मीपण शोधला."

तर त्या गुरुवारी मी दुकान लवकर बंद केलं आणि भांडायला गेले.

केंद्राच्या तळमजल्यावर एक लांबट खोली होती. मोठं टेबल, हाताच्या खुर्च्या, सात-आठ माणसं. एकाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. टेबलाच्या टोकाला एक बाई बसल्या होत्या, जाड वही पुढ्यात घेऊन. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या हे कोणी सांगायची गरज नव्हती. मी आत शिरताच त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं. मी पत्र टेबलावर आपटलं.

"हे कोणाला पाठवलंत? माणूस जाऊन आठ महिने झाले. तुमच्याकडे काही पाचपोच आहे की नाही?"

टेबलाच्या मधोमध एक तिशीतली मुलगी बसली होती. तिने पत्रावरचं नाव वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "काकू... सुतारकाका गेले?" असं म्हणाली आणि चक्क रडायला लागली. मी भांडायला आलेली बाई, मलाच तिला रुमाल द्यावा लागला. भांडण तिथेच बारगळलं.

मग एकेक कळत गेलं. ही मुलगी फुप्फुसाच्या आजारावर संशोधन करणारी. तिला सगळे ताई म्हणत. आणि टेबलाभोवतीची माणसं म्हणजे ज्यांना हा आजार आहे ते, नाहीतर त्यांच्या घरचे. लोकांना काय विचारावं, कसं विचारावं, आजारी माणसाचा किती वेळ घ्यावा आणि त्याला काय सांगावं, हे संशोधन करणाऱ्यांना ही माणसं सांगायची. मधे निधी संपला म्हणून दीड वर्ष बैठका बंद पडल्या. पुन्हा पैसा आला तेव्हा जुनी यादी काढून पत्रं धाडली, आणि ती गेलेल्या माणसांनाही गेली. आमचे हे त्या यादीत पहिल्या नंबरला होते.

मला ते दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी 'तपासणीला जातो' म्हणून सांगायचे. तपासणी कसली, इथे बसून डॉक्टरांना शहाणपण शिकवत होते. मला सांगितलं नाही, कारण मी काय म्हणणार ते त्यांना माहीत होतं. स्वतःला धड चालवत नाही आणि लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजताय, असंच मी म्हटलं असतं.

"बैठक आधी तिसऱ्या मजल्यावर व्हायची," नळीवाले म्हणाले. ते पूर्वी बस चालवायचे. सगळे त्यांना ड्रायव्हरदादा म्हणत. "काका पहिल्याच दिवशी म्हणाले, श्वासाच्या पेशंटला तीन जिने चढायला लावता आणि वर त्याचं मत विचारता? माणूस वर पोचतो, मत खालीच राहतं. तेव्हापासून बैठक खाली."

"आणि मजुरीचं?" बाई म्हणाल्या. "'आम्ही येतो तेव्हा आमचा दिवस मोडतो. चहा-बिस्किटावर गोड मानून घ्यायला आम्ही काय पाहुणे आहोत?' दुसऱ्या वर्षीच्या निधीच्या अर्जात आम्ही गटासाठी वेगळी रक्कम मागितली ती त्यांच्यामुळे."

सगळे हसले आणि मीही हसले. आठ महिन्यांत त्यांचं नवीन असं काही मी ऐकलंच नव्हतं. जे काही बोलायचं ते बोलून संपलं असं धरून बसले होते, आणि इथे परकी माणसं मला त्यांची न ऐकलेली वाक्यं देत होती. मला ती हावरटासारखी हवी होती. अजून सांगा, अजून सांगा, असं मी म्हणत राहिले.

निघताना ताई दारापर्यंत आली. "काका बोलायचे फार छान. त्यांची मुलाखत लिहून काढताना मी कितीदा ऐकली असेल."

"ऐकली म्हणजे?"

"रेकॉर्डिंग आहे ना. बावन्न मिनिटांचं."

माझे पाय तिथेच थांबले. मला तो दिवस आठवला. पाच वर्षं होत आली असतील. ही मुलगी हातात छोटंसं यंत्र घेऊन घरी आली होती आणि मला म्हणाली होती, काकू, तुम्ही जरा बाहेर बसाल का? मी माझ्याच घराच्या पायरीवर तासभर धुमसत बसले होते. नंतर यांना विचारलं, काय विचारलं तिने? 'श्वासाचं.' आणि तुम्ही काय सांगितलंत? 'श्वासाचंच.' त्यापुढे एक अक्षर बोलले नाहीत. पण तेव्हा त्यांचा आवाज चांगला होता, अख्खा होता.

"मला ऐकव," मी म्हटलं.

"नाही ऐकवता येत, काकू. नियम आहे."

"कोणाचा नियम?"

"आपल्या या गटाचाच," ती म्हणाली आणि खाली बघायला लागली.

मी खोटं कशाला सांगू, गटात शिरले ती तो नियम मोडायलाच. नियम गटाने केला तर गटच बदलू शकतो, एवढं गणित मला येतं. आजारी माणसाच्या घरचं म्हणून मला जागाही मिळाली. बाईंनी वहीत माझं नाव घातलं आणि बजावलं, "साडेपाच म्हणजे साडेपाच."

चार गुरुवार मी गेले. काम माझ्या तोंडाला साजेसंच होतं. एका माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'सहभागी व्यक्तींच्या श्वसनक्षमतेचे मूल्यमापन करण्यात येईल.' मी म्हटलं, "म्हणजे नळीत फुंकायला लावणार ना? मग तसं लिहा की." तसं लिहिलं गेलं. दुसऱ्या एका कागदावर 'थोडी अस्वस्थता जाणवू शकते' असं होतं. त्या तपासणीत यांचा जीव कसा कासावीस झाला होता ते मी पाहिलं होतं, ते वाक्य मी त्यांना तीनदा लिहायला लावलं. घरी जाताना बरं वाटायचं. पण सगळा वेळ डोक्यात ती बावन्न मिनिटं. याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, एका कॉम्प्युटरमध्ये ते बोलत होते आणि मी खाली बसून कागद सुधारत होते.

पाचव्या गुरुवारी ताईने विषय काढला. मुलाखती एकतीस जणांच्या होत्या. पाच वर्षांनी आवाज पुसून टाकू, असं त्या सगळ्यांना लिहून दिलेलं होतं, आणि ती पाच वर्षं पुढच्या महिन्यात भरत होती. आता नव्या अभ्यासाला पैसे देणाऱ्यांनी विचारलं होतं की हे आवाज ठेवता येतील का. जे जिवंत आहेत त्यांना पुन्हा विचारायचं. जे बारा जण गेले, त्यांच्या घरच्यांनी हो म्हटलं तरी चालेल. घरच्यांना हवी तर एक प्रतही मिळेल. गटाने नाही म्हटलं तर पैसे काही थांबणार नाहीत, पण विचारल्याशिवाय करायचं नाही. ताईने हे सगळं कागदात बघून वाचलं, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मला नुसतं ऐकायचं होतं, हे तर प्रत घरी न्या म्हणत होते.

"मत घेण्याआधी जुना नियम का केला ते वाचते," बाई म्हणाल्या. तशी त्यांची शिस्तच होती. कुठलाही नियम बदलायचा तर तो ज्याने मागितला त्याचं म्हणणं आधी मोठ्याने वाचायचं. आणि वहीत प्रत्येकाचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहिलेलं, भाषा सुधारायची नाही. त्यांनी जुनी वही काढली, चष्मा नीट केला.

"सुतारकाका म्हणाले," त्यांनी वाचलं, "'पाच वर्षांनी आवाज पुसा. आणि तोवर कोणाला ऐकवू नका. घरच्यांनाही नाही.' ताईंनी विचारलं, घरच्यांना का नाही? सुतारकाका म्हणाले, 'खरं दुखणं माणूस घरी सांगत नाही. सांगितलं की घरचे खचतात, मग आपणच त्यांची समजूत घालत बसायचं. मला एका ठिकाणी तरी खरं बोलायचंय. घरचे ऐकणार असतील तर मी तुम्हालाही 'बरंय' एवढंच सांगेन, आणि ते तुमच्या कामाचं नाही. त्यातून आमची ही पडली तापट. ऐकलं तर आजाराशीच भांडायला जाईल.' सगळे हसले."

या वेळी कोणी हसलं नाही.

मला आधी राग आला. पस्तीस वर्षं संसार केला, औषधं भरवली, पाठ चोळली, आणि खरं बोलायला यांना परकी मुलगी लागली. मग राग उतरला आणि खाली जे होतं ते वर आलं. मी रोज सकाळी विचारायचे, कसं वाटतंय? ते म्हणायचे, बरंय. मी मशीनवर बसायचे. ते 'बरंय' खरं नव्हतं हे मला रोज कळत होतं. पण खरं ऐकलं असतं तर माझे पाय मशीनवर चालले नसते, म्हणून मी तेवढ्यावर समाधान मानलं. त्यांनी मला ओळखलं होतं, एवढंच.

"माझं मत, ठेवा," ड्रायव्हरदादा म्हणाले. "काकूंना ऐकू दे ना. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" आणखी दोघांनी माना हलवल्या. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळे माझ्यासाठी हो म्हणायला तयार होते. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

"तुमचं काय म्हणणं?" बाईंनी विचारलं.

"मला तो आवाज हवाय," मी म्हटलं. "या गटात मी त्यासाठीच आले. मला आता त्यांची हाकसुद्धा आठवत नाही, आणि रोज सकाळी उठून मी तेच आठवत बसते. कोणी म्हणालं, तुझं मशीन दे आणि आवाज घे, तर मी मशीन देईन." "पण ते जे बोलले ते मी ऐकणार नाही या भरवशावर बोलले. बाकीचे तीस जणही तसेच बोलले असतील. दादा, तुमचीपण मुलाखत आहे ना त्यात? घरी ऐकवू?"

ड्रायव्हरदादांनी मान खाली घातली. "नको," ते म्हणाले. "बायकोला तर मुळीच नको."

"मग पुसा," मी म्हटलं.

बाईंनी माझं बोलणं जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. घरी आले आणि पडद्यामागे, जिथे गिऱ्हाइकं माप देतात, तिथे उभी राहून रडले. रात्री मुलीला फोनवर सांगितलं तर ती भडकली. तापटपणा माझ्याकडूनच आलाय. "तुला मिळत होता आणि तू नाही म्हणालीस? मला विचारलंस? माझे कोणी नव्हते का ते?" असं म्हणून तिने फोन ठेवला. तिचं चुकत नव्हतं. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, "कधी पुसणार?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात, पाच वर्षं भरतील त्या सोमवारी. ती म्हणाली, "तू जाणार आहेस?" मी म्हटलं, हो.

आवाज पुसताना गटातल्या दोघांनी समोर बसायचं असतं, म्हणजे लोकांना खात्री राहते. बाई आणि मी बसलो. दुपारची वेळ, वरची छोटी खोली, एक पंखा, एक कॉम्प्युटर. पडद्यावर नावं नव्हती, नुसते नंबर, आणि प्रत्येकापुढे वेळ. ताई एकेक निवडायची, बाई वहीत खूण करायच्या. सतरा नंबरपुढे बावन्न मिनिटं दिसली. तिथे ताईचा हात थांबला.

"काकू, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी यंत्र जरा आधीच चालू केलं होतं. तुम्ही खोलीत होता तेव्हा. सुरुवातीची थोडी सेकंदं तुमच्यासमोरची आहेत." तिने बाईंकडे बघितलं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनी आयुष्यात कोणाला पाच मिनिटांची सूट दिली नसेल. "जे यांच्या देखत बोललं गेलं ते यांना ऐकवलं तर नियम मोडत नाही," त्या म्हणाल्या. "पण दार लागेपर्यंतच. पुढे एक अक्षर नाही."

ताईने माझ्या कानांवर हेडफोन बसवले आणि माझं बोट एका बटणावर ठेवलं. "हे दाबलं की थांबेल."

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एक कर्कश बाई म्हणाली, "किती वेळ लागणार? नाही, म्हणजे माझ्याच घराबाहेर मी किती वेळ बसायचं?" ती मीच होते. आणि मग ते बोलले.

"अगं, बस की जरा पायरीवर. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बिनकामाचं बसायला मिळतंय तुला."

अगंमधला तो लांबवलेला 'अ'. जरासा नाकातून येणारा, शेवटाला हसू लागलेला जाडसर आवाज. हाच. मला एकदम सगळ्या हाका आठवल्या, जिन्यातून मारलेल्या, न्हाणीघरातून मारलेल्या, झोपेत मारलेल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलं नाही, हात बटणावर होता म्हणून.

"आणि दाराला कान लावू नकोस," ते म्हणाले.

"नाही लावत!" मी फणकारले. पावलं वाजली, कडी वाजली, दार लागलं.

आता दाबायला हवं होतं. माझं बोट हलेना. पंख्याची घरघर ऐकू येत होती आणि त्यांचा श्वास, अजून पुरता असलेला. मग ते बोलले, त्याच आवाजात, पण इतक्या खाली उतरून की असं ते माझ्याशी पस्तीस वर्षांत कधी बोलले नव्हते.

"ताई, आता खरं सांगतो. तिला..."

मी बटण दाबलं.

हेडफोन काढून टेबलावर ठेवले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. ताई माझ्याकडे बघत होती.

"पूस," मी म्हटलं.

"नक्की, काकू?"

"मी कान लावणार नाही असं सांगून बाहेर गेले होते. पूस."

तिने पुसलं. बाईंनी वहीत खूण केली. अजून चौदा राहिले होते.